वणवा विझवायला येताय? आधी परत फिरायचं शिका

दरवर्षी जानेवारीत आमच्या वणवा गटात पाच-सहा नवी पोरं-पोरी येतात. काही इथल्याच वाड्यांवरची, काही पुण्याहून शनिवार-रविवार डोंगरात येणारी. पहिल्या बैठकीत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "आप्पा, आग विझवायची कशी?" तेही मी शिकवतो, पण दुसऱ्या दिवशी. पहिला अख्खा दिवस परत कसं फिरायचं यावर जातो. हल्ली बैठकीला न येता थेट डोंगरावर हजर होणारे वाढलेत, म्हणून सगळं लिहून काढतोय.

भोर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याला माझी पिठाची गिरणी आहे. वणव्याच्या कामाला १४ वर्षं झाली. आमच्या यादीत आज २२ नावं आहेत आणि त्यातल्या एकालाही या कामाचा पगार नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. अग्निशमन दलातल्या जवानाला त्याचा वरिष्ठ "बाहेर ये" असा हुकूम देतो आणि त्याला यावं लागतं. आपल्याला असा हुकूम देणारं कुणी नाही. आपण हौसेने, डोंगराच्या मायेने आलेलो असतो आणि तीच माया माणसाला नको तिथे पुढे ढकलते. म्हणून आपले नियम आपणच घालून घ्यायचे, तेही पायथ्याला, डोकं थंड असताना. उतारावर धुरात उभं राहून कुणालाही शहाणपण सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

माझं सहावं वर्ष होतं. मार्च महिना, दुपारचे चार. आग एका नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या चिंचोळ्या खाचेच्या, तळाशी होती आणि आम्ही चौघं वर पठारावर. वरून उतरून तिला अर्ध्यात अडवायची, असं मी ठरवलं. आमच्यात आणि आगीत दोनेकशे फूट वाळलेलं कुसळी गवत उभं होतं. वर नजर ठेवायला मी कुणाला बसवलं नव्हतं. पश्चिमेचा वारा नाळेत शिरला आणि आधी आवाज आला. भरलेली एसटी घाटात पहिल्या गिअरवर चढताना घुमते ना, तसा. मग धूर पांढऱ्याचा पिवळसर झाला आणि जाळ दिसायला लागला तो थेट आमच्याकडे येणारा. डाव्या अंगाला सकाळी जळून गेलेला काळा पट्टा होता. तिथे पोचायला वीसेक पावलं. तिघं वेळेत पोचलो. चौथा पोरगा आमच्यापेक्षा दोन-तीन सेकंद मागे राहिला. त्याची नायलॉनची ट्रॅक पँट पोटरीवर वितळून कातडीला चिकटली.

संध्याकाळी दवाखान्यात त्याची आई आली. ती माझ्यावर ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आप्पा, तिथं वाचवायचं काय होतं?"

तिथं गवत होतं. जूनमध्ये पुन्हा उगवणारं गवत.

तेव्हापासून पायथ्याला पोचल्यावर हा प्रश्न मी मोठ्याने विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय कुणी वर पाऊल टाकत नाही. तिथं वाचवायचं काय आहे? वाडी, गोठा, माणसं, दावणीला बांधलेली जनावरं असतील तर आपण आगीच्या जवळ जाऊन काम करतो. वैरणीची गंजी किंवा वनखात्याची नवी रोपं असतील तर आगीची बगल धरून काम करतो, तोंडासमोर जात नाही. नुसतं गवत आणि कारवीची झुडपं असतील तर जाळरेषेवर, म्हणजे आधीच गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, थांबून आगीची वाट बघतो. ती आली आणि विझवता आली तर ठीक. नाही तर जळू द्यायचं. हे सांगताना जीभ जड होते, कारण त्या गवतात टिटवीची, चंडोलाची घरटी असतात, जमिनीलगत जांभळा-हिरड्याची बोटभर रोपं असतात. मला त्यांचं दुःख आहे. पण त्यांच्यासाठी मी कुणाचं पोर पणाला लावणार नाही.

हंगामाआधी

वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आमच्या बाजूला गवत डिसेंबरअखेर वाळलेलं असतं, त्यामुळे आपली तयारी जानेवारीत व्हायला हवी. जाळरेषा काढायला वनखात्याच्या माणसांबरोबर जा. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून, कडेने नियंत्रणात जाळून मोकळा केलेला पट्टा. वणवा विझवण्यापेक्षा या चार दिवसांच्या कामाने जास्त डोंगर वाचतो. पण त्याचे फोटो कुणी काढत नाही, म्हणून माणसं कमी येतात.

आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. आमच्याकडे सध्या वनरक्षक ताई आहेत. आग दिसली की पहिला फोन त्यांना, दुसरा हॅलो फॉरेस्ट या वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ वर, तिसरा गटाला. हा क्रम बदलायचा नाही. आपण वर आहोत हे खात्याला माहीतच नसेल, तर आपल्याला शोधायला कुणी येणार नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो. त्याचा उपयोग आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा आपल्या डोक्यावरून जातो आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३७५ मीटर, काही उपग्रहांचा तर पूर्ण एक किलोमीटर. संदेश येईपर्यंत आग दुसऱ्या सोंडेवर गेलेली असू शकते. गुराख्याचा फोन केव्हाही खरा.

यादीत नाव घालताना मी तीन गोष्टी विचारतो: वय, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास, आणि घरच्यांना माहीत आहे का. १८ च्या आतल्या कुणालाही वर नेत नाही. पायथ्याला पाणी भरायला, फोन सांभाळायला ती पोरं लागतात आणि ते काम खालच्या दर्जाचं नाही. दमा असलेल्यालाही पायथ्याची जबाबदारी. ज्याने घरी सांगितलेलं नाही त्याने आधी घरी सांगून यावं.

अंगावर काय, पाठीवर काय

सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे. जीन्स चालते. नायलॉन, पॉलिस्टर, चकचकीत टी-शर्ट, ट्रॅक पँट चालत नाही, का ते वर सांगितलं. वाडीवरच्या बायका आमच्या गटात आहेत आणि गवत कसं जळतं हे त्यांना पुण्याच्या पोरांपेक्षा जास्त कळतं, पण रोजच्या वापरातल्या साड्या आता बहुतेक सिंथेटिक असतात. सुती नऊवारीचा काष्टा घट्ट घालून या, नाही तर सुती सलवार-कमीज, ओढणी घरी ठेवून. पायात चामड्याचे बूट. खेळाच्या बुटांचा तळ तापलेल्या राखेत सुटतो. डोक्याला टोपी, डोळ्यांना साधा का होईना चष्मा.

तोंडाला सुती रुमाल बांधा, पण त्याने काय होतं आणि काय होत नाही हे ओळखून. राख आणि ठिणग्या अडतात, विषारी वायू अडत नाहीत. रुमाल ओला करून बांधण्याची सवय सगळ्यांना आहे. जाळाजवळ तो ओला रुमाल तापतो आणि गरम वाफ नाका-घशात जाते. कोरडाच बांधा आणि धुरातून बाहेर या.

माणशी किमान तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेच्या पुड्या, हेडटॉर्च आणि त्याचे जादा सेल, कोयता, शिट्टी. पायथ्याला २० लिटरचे दोन कॅन स्वच्छ पाण्याचे. ते पिण्यासाठी नाहीत, कुणी भाजलं तर त्यासाठी. वनखात्याचे ब्लोअर (हवेच्या झोताने पाचोळा उडवणारी यंत्रं) असतील तर पेट्रोल भरायची जागा आगीपासून दूर, उघड्या कातळावर, आणि यंत्र निवल्यावरच.

पायथ्याची पाच मिनिटं

डोंगर पेटलेला दिसतो तेव्हा पाय आपोआप धावतात. धावायचं नाही. पाच मिनिटं उभं राहून बघायचं. मी घड्याळ लावतो.

आगीला तोंड असतं, दोन बगला असतात आणि शेपूट असतं. वाऱ्याच्या आणि चढाच्या दिशेने धावतं ते तोंड. आपण सुरुवात नेहमी शेपटाकडून करायची, जळून गेलेल्या बाजूला पाय ठेवून, आणि बगल विझवत विझवत पुढे सरकायचं. तोंड आपोआप अरुंद होत जातं. तोंडासमोर उभं राहून हाणामारी करणारा माणूस शूर दिसतो, पण त्याच्या मागे न जळलेलं गवत असतं.

चिमूटभर वाळकं गवत चुरून हवेत सोडा, वारा कळेल. पण फक्त आत्ताचा कळेल. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि कोकणाकडचे उतार खालून वर पेटत येतात. रात्री हवा गार झाली की वारा डोंगरावरून खाली घसरतो. संध्याकाळी सात-साडेसातला, हा बदल होत असताना, दिशेचा भरवसा नसतो. त्या तासाभरात मी नवं काम सुरू करू देत नाही.

उताराचा हिशोब पाठच करा. चढ १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांच्या उतारावर ती सपाटीच्या चौपट वेगाने येते. माणसाचं उलट आहे, चढाला त्याचा वेग निम्म्यावर येतो. म्हणून आगीपासून वर पळून कुणी सुटत नाही. आणि नाळ, घळ, ओढ्याची चिंचोळी खाच म्हणजे चुलीचं धुराडं. खालची आग तिथून वर खेचली जाते. पेटलेल्या नाळेत, तिच्या माथ्यावर, तिच्या वरच्या कोंडाळ्यात उतरायचं नाही. या नियमाला आमच्यात अपवाद नाही.

कारवीकडेही बघा. साधारण सात-आठ वर्षांनी ती फुलते, मरते आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे तिच्या वाळक्या काठ्यांचं रान उभं राहतं. तिथला जाळ डोक्याच्या वर जातो. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धुराने ते उठतं, त्याच्या खालून वाट काढू नका.

आता ज्वाळेची उंची. चार फुटांपर्यंत, म्हणजे साधारण छातीच्या खाली असेल, तर फांद्यांनी, हातच्या अवजारांनी तिला भिडता येतं. जगभर वणवा विझवणारी माणसं हाच आकडा धरतात. त्याच्या वर गेली की भिडायचं नाही, मागे जाळरेषेवर यायचं.

टेहळ्या, हाक, वाट आणि काळं

अमेरिकेत १९९० साली अ‍ॅरिझोनातल्या ड्यूड नावाच्या वणव्यात सहा जण गेले. तिथे काम केलेल्या पॉल ग्लीसन या अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी सगळ्या लांबलचक नियमांचा अर्क चार शब्दांत मांडला. आमच्या भाषेत ते चार शब्द असे: टेहळ्या, हाक, वाट, काळं. यातला एक जरी नसेल तर काम सुरू होत नाही.

टेहळ्या म्हणजे आग आणि गट दोन्ही दिसेल अशा जागी बसलेला माणूस. त्याच्या हातात फांदी नसते. सगळ्यात अनुभवी माणसाला तिथे बसवा, सगळ्यात दमलेल्याला नाही. आमच्याकडे हे काम बरीच वर्षं आबांनी केलं. सत्तरीचे, जन्मभर गुरं चारलेले. धुराचा रंग बदलला की शिट्टी वाजवायचे आणि त्यांची शिट्टी कधी फुकट गेली नाही. एकदा एक पोरगा म्हणाला, "आबा, अजून तर काहीच दिसत नाही." आबा म्हणाले, "दिसल्यावर शिट्टी वाजवून काय उपयोग, बाळा?"

हाक म्हणजे ठरलेल्या खुणा. फोनला डोंगरात रेंज नसते. एक लांब शिट्टी: थांबा आणि बघा. तीन तोकड्या: काम जागेवर सोडा आणि काळ्यावर या. वरून दगड किंवा जळता ओंडका सुटला तर "धोंडा!" अशी आरोळी, आणि ऐकणाऱ्याने वर न बघता बाजूला व्हायचं.

वाट म्हणजे परतीची वाट. दोन हव्यात, आणि त्या चालून बघितलेल्या हव्यात. नुसतं बोट दाखवून "तिकडून उतरू" हे चालत नाही. अंधारात, धुरात, आमच्या डोंगरांवर जाळापेक्षा कड्याची भीती मोठी असते. काम पुढे सरकलं की वाट लांबत जाते, म्हणून दर अर्ध्या तासाने विचारायचं: इथून काळ्यावर पोचायला किती पावलं? आणि त्याच वेळी डोकी मोजायची.

काळं म्हणजे जळून विझलेली जागा. तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. अर्धवट जळालेलं, वरवर करपलेलं गवत म्हणजे काळं नाही, ते दुसऱ्यांदा पेटतं. मोठा उघडा कातळ, नांगरलेलं शेत, पाणी असलेला ओढाही चालतो.

ही उदाहरणं दूरची वाटत असतील तर जवळचं सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात थ्रिसूर जिल्ह्यात वणवा विझवताना वनखात्याचे तीन कर्मचारी जाळात सापडून गेले. त्याआधी ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि २० हून अधिक जणांचा जीव गेला. तोही आपलाच पश्चिम घाट. तेच वाळलेलं गवत, तेच उतार.

फांदी कशी चालवायची

आता दुसऱ्या दिवसाचा धडा. फांदी ओली, भरगच्च पानांची, हाताएवढ्या लांबीची. जांभूळ, करंज मिळाली तर उत्तम. उभ्या झाडाचं खोड तोडू नका, डहाळी घ्या. फांदी डोक्यावर उचलून आपटायची नाही. आपटली की ठिणग्या उडतात आणि मागे नवी आग लागते. फांदी जाळाच्या मुळावर दाबायची आणि काळ्याच्या दिशेने ओढायची. दाब, ओढ. दाब, ओढ. जाळाला हवा मिळू द्यायची नाही, एवढंच काम आहे. पहिल्या दिवशी सगळे दणादण मारतात आणि दहा मिनिटांत बसतात. दाबून ओढणारी आमची एक मावशी तासभर न थांबता चालते.

दोघांमध्ये दहा फुटांचं अंतर ठेवा. पुढची फळी जाळ मोडते, मागची फळी उरलेली धग विझवते. वाळकं शेण, पोकळ खोडं, बुंधे आतून तासन्‌तास धुमसतात. मागच्या फळीत जायला कुणी तयार नसतं, पण मध्यरात्री पुन्हा पेटणारे वणवे तिच्याच चुकीने पेटतात. पंधरा-वीस मिनिटांनी फळ्या बदला, पाणी प्या. वाळलेल्या उभ्या झाडाच्या बुडाला आग असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. ते न सांगता पडतं.

समोरून आग लावून आगीला आग भिडवायची युक्ती जुन्या माणसांना माहीत आहे. ती आपण करायची नाही. वारा फिरला तर आपणच आपल्या माणसांना घेरतो. शिवाय राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. वनखात्याचा अधिकारी हजर असेल आणि त्याने सांगितलं तरच, तेही त्याच्या माणसांच्या हातून.

"मागे" म्हणण्याचा हक्क

गटाचा म्होरक्या फांदी हातात घेत नाही. मी पहिली पाच वर्षं सगळ्यांच्या पुढे राहून फांदी मारत होतो आणि मला ते म्होरकेपण वाटत होतं. त्यामुळेच मला नाळेतला वारा दिसला नाही. म्होरक्याने बघायचं, मोजायचं, ठरवायचं.

आणि गटातल्या कुणीही, अगदी त्याच दिवशी आलेल्याने, "मागे" म्हटलं की सगळे मागे येतात. डोंगरावर "का" विचारायचं नाही. काळ्यावर पोचून पाणी पिऊन मग विचारायचं. गेल्या वर्षी एका मुलीने आम्हाला असं दोनदा मागे आणलं. पहिल्यांदा खरंच वारा फिरला होता. दुसऱ्यांदा काही नव्हतं, तिला फक्त भीती वाटली होती. दोन्ही वेळा मी तिचे आभार मानले, सगळ्यांसमोर. दुसऱ्या वेळी तिला कुणी हसलं असतं, तर तिसऱ्या वेळी गटातलं कुणीच तोंड उघडलं नसतं.

"तुम्ही व्हा पुढे, मी एवढं बघून येतो" हे वाक्य आमच्यात बंद आहे. एकटं कुणी कुठे जात नाही, लघवीलाही जोडीदाराला सांगून जातो. फोटो, व्हिडिओ काळ्यावर उभं राहून काढा. डोळा स्क्रीनवर असलेला माणूस मोजणीत धरत नाही मी.

पुण्याची पोरं लांबून गाडी काढून येतात, म्हणून "एवढं आलोय तर" हा विचार त्यांच्या मनात येतो. गावातल्याच्या मनात "आपला डोंगर जळतोय" हा येतो. दोन्ही विचार मला समजतात. दोन्ही विचारांना डोंगरावर मत नाही.

सापडलातच तर

जाळ अंगावर येताना दिसला तर हातातलं सगळं टाका. कोयता, ब्लोअर, पाठपिशवी, सगळं. १९४९ च्या ५ ऑगस्टला अमेरिकेतल्या माँटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत १३ जण गेले, गवताळ उतारावर आगीच्या पुढे चढाला पळताना. त्यांच्या म्होरक्याने, वॅगनर डॉजने, अवजारं टाका म्हणून सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. त्याने पुढचं गवत स्वतः पेटवलं आणि त्या राखेत पालथा पडून तो वाचला. बाकीच्यांना तो काय करतोय तेच कळलं नाही, कारण असं काही करायचं आधी कुणी बोललेलंच नव्हतं. मी ही गोष्ट सांगतो ती त्याची युक्ती शिकवायला नाही. जाळ समोर असताना नवी गोष्ट समजावून सांगता येत नाही, हे कळावं म्हणून सांगतो.

आडवं पळा, बगलेकडे, काळ्याकडे, जमलं तर उतारावर. वर नाही. ज्वाळा गुडघ्याएवढी असेल आणि पलीकडे काळं दिसत असेल, तर तोंड झाकून, श्वास रोखून एका दमात ती पट्टी ओलांडा. उंच असेल तर ओलांडू नका. काहीच जवळ नसेल तर उघडी माती, कातळ किंवा मोठ्या दगडाचा आडोसा शोधा, पालथे पडा, पाय आगीकडे, तोंड मातीत, हातांनी मान झाका. श्वास जमिनीलगत घ्या. जाळाची लाट जाईपर्यंत उठू नका, कितीही भाजलं तरी.

कपड्याने पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी २० मिनिटं गार पाणी हळूहळू ओता. वर पाणी पुरणार नसेल तर पायथ्याच्या कॅनपाशी आणून ओता, तीन तासांच्या आत ओतलं तरी उपयोग होतो. अंगठी, बांगड्या, कडं लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, शाई, तेल, हळद, बर्फ काही लावायचं नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून १०८ ला फोन.

धुरात राहिलेला माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला किंवा वेड्यासारखं बोलायला लागला तर त्याला चालवत नेऊ नका, उचलून खाली आणा आणि दवाखान्यात न्या. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. इथे त्याचं ऐकू नका. रक्तात धुराचा कार्बन मोनॉक्साइड असला तरी त्यावर ९८ दिसू शकतं.

विझल्यावर

आग विझली म्हणजे दोघा-चौघांनी रात्रभर काळ्याच्या कडेने फिरायचं. धग बघायला हाताची पालथी बाजू जमिनीजवळ न्या, टेकवू नका. सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या तुकडीने पुन्हा एक फेरी मारायची.

दोन दिवसांच्या आत गिरणीपुढच्या ओट्यावर सगळे बसतो. कोण चुकलं हे विचारत नाही. कुठे थोडक्यात वाचलो, हे विचारतो आणि वहीत लिहितो. नाळेतला तो दिवस वहीच्या तिसऱ्या पानावर आहे, माझ्या अक्षरात, मी काय काय केलं नाही त्याच्या यादीसकट. नव्या माणसाला मी आधी ते पान वाचायला देतो. तो भाजलेला पोरगा आज आमचा टेहळ्या आहे. आबांची शिट्टी त्याच्याकडे आहे.

उतरताना पायथ्याला नावं वाचली जातात. मग आपापल्या घरी पोचल्यावर प्रत्येकाने मला फोन करायचा, पुण्याला जाणाऱ्यांनीही, कितीही वाजले तरी. रात्रभर जागून गाडी चालवणं हाही त्याच कामाचा भाग आहे, म्हणून डोळे जड असतील त्याने इथेच झोपावं, गिरणीत चटया आहेत. फोन आला की मी यादीत नावापुढे खूण करतो. शेवटची खूण होईपर्यंत ओट्यावरचा दिवा चालू असतो.